खडू पिळला की तिरकाच का तुटतो? ट्रॅक्टरचा शाफ्ट, किल्लारीच्या भिंती आणि कोयना धरणामागचं एकच शास्त्र

शाळेतला एक अख्खा खडू घ्या. दोन्ही टोकं धरून तो वाकवा. तो मधोमध, जवळपास सरळ रेषेत तुटेल. आता दुसरा खडू घ्या आणि ओला कपडा पिळतात तसा तो हळूहळू पिळा. या वेळी तुटलेली कड सरळ नसेल. ती स्क्रूच्या आट्यासारखी तिरकी, साधारण ४५ अंशांत वळत गेलेली दिसेल.

खडू तोच, हात तेच, जोरही जवळपास तेवढाच. बदलली ती फक्त जोराची दिशा, आणि त्याबरोबर तुटण्याची रेषाही बदलली.

या साध्या प्रयोगात एक मोठं शास्त्र दडलेलं आहे. एखादी वस्तू किती जोर सहन करते, या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. जोर कोणत्या दिशेने येतो, एकाच दिशेने येतो की अनेक दिशांनी, आणि एकाच वेळी येतो की आळीपाळीने, हे सगळं विचारावं लागतं. पिशोरच्या शेतात रोटाव्हेटर चालवणाऱ्यापासून धरण बांधणाऱ्या अभियंत्यापर्यंत सगळ्यांचा या प्रश्नाशी संबंध येतो.

आधी चार शब्द समजून घेऊ

कोणत्याही वस्तूवर जोर लावला की तिच्या आत ताण तयार होतो. तो मुख्यतः तीन प्रकारचा असतो.

ओढ: दोरी दोन्ही बाजूंनी खेचल्यावर येते ती.

दाब: खांबावर छत ठेवल्यावर येतो तो.

कातर: पत्त्यांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून वरचे पत्ते बाजूला सरकवल्यावर जे होतं ते. एक थर दुसऱ्यावरून घसरू पाहतो.

चौथा शब्द आहे पीळ. पीळ म्हणजे गोल फिरवून दिलेली कातर. पण गंमत अशी की पिळलेल्या दांड्यात ४५ अंशांच्या तिरक्या रेषेवर पाहिलं, तर तिथे एका बाजूने निव्वळ ओढ असते आणि तिला काटकोनात निव्वळ दाब असतो. खडू दाब चांगला सोसतो, ओढ मात्र त्याला अजिबात सोसत नाही. म्हणून तो त्या तिरक्या रेषेवर उघडतो.

आता हाच पीळ साध्या, मऊ पोलादाच्या दांड्याला दिला तर? तो बरेच वेढे सहन करतो आणि शेवटी आडवा, करवतीने कापल्यासारखा सपाट तुटतो. कारण पोलाद ओढीने फाटण्याआधी त्याचे थर घसरतात, म्हणजे ते कातरेला आधी शरण जातं. आणि बांबूची काठी पिळली तर ती आडवीही तुटत नाही आणि तिरकीही नाही. ती उभी चिरते, कारण बांबूचे तंतू लांबीच्या दिशेने असतात आणि दोन तंतूंमधला जोड कमकुवत असतो.

पीळ एकच, पण पदार्थ तीन आणि तुटण्याच्या तऱ्हाही तीन. म्हणजे तुटणं हे जोराची दिशा आणि पदार्थाचा स्वभाव या दोघांनी मिळून ठरतं.

पिशोरच्या शेतातला शाफ्ट नेमकं काय सोसतो?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नड तालुक्यात पिशोर आहे. इतर गावांसारखीच इथलीही बरीचशी शेतीकामं आता ट्रॅक्टरवर होतात. ट्रॅक्टरच्या मागे जो फिरणारा दांडा अवजाराला जोडतात, त्याला सगळे पीटीओ शाफ्ट म्हणतात. त्याचा ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेरे असतो.

वरवर पाहता या शाफ्टचं काम एकच, इंजिनाची ताकद फिरवून अवजारापर्यंत नेणं. म्हणजे फक्त पीळ. पण शेतात तसं होत नाही.

रोटाव्हेटर जमिनीच्या चढउतारानुसार वरखाली होतो, त्यामुळे शाफ्ट सरळ रेषेत राहत नाही. त्याच्या दोन्ही टोकांच्या क्रॉस-जोडांवर कोन तयार होतो. अशा कोनात फिरणारा जोड एका फेऱ्यात दोनदा किंचित जलद आणि दोनदा किंचित मंद होतो, म्हणून पीळ सारखा कमीजास्त होत राहतो. कोनामुळे जोडाजवळ वाकवणारा जोरही येतो. शेवटी एखादा दगड पात्यात अडकला की पिळाचा मोठा झटका बसतो.

म्हणजे एकाच दांड्यावर पीळ, वाक आणि झटका असं सगळं एकाच वेळी चालू असतं. ट्रॉलीच्या एक्सलचंही तेच. मालाच्या वजनाने तो वाकतो, खड्ड्यात चाक गेलं की बाजूने धक्का बसतो. ट्रॉलीच्या हुकवर पुढची ओढ, वरखाली आदळणं आणि वळणावरचा पीळ असं तिहेरी ओझं येतं.

दोन्ही वेगवेगळे सुरक्षित, एकत्र धोकादायक

इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. समज असा असतो की शाफ्ट वाकण्याच्या दृष्टीने मजबूत आहे आणि पिळाच्या दृष्टीनेही मजबूत आहे, म्हणजे काळजी नाही. हिशेब करून पाहू.

बांधकामात आणि साध्या फॅब्रिकेशनमध्ये वापरलं जाणारं नेहमीचं पोलाद प्रति चौरस मिलिमीटर सुमारे २५० न्यूटन ताणापर्यंत टिकतं. म्हणजे एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेवर साधारण २५ किलो वजन. त्यापुढे ते कायमचं ताणलं जाऊ लागतं. पण ही मर्यादा सरळ ओढीची आहे. निव्वळ कातरेसाठी तीच मर्यादा जवळपास १४४ वर येते.

समजा एका दांड्यात वाकण्यामुळे १५० चा ताण आला. २५० पेक्षा कमी, म्हणजे सुरक्षित. पिळामुळे १२० ची कातर आली. १४४ पेक्षा कमी, तीही सुरक्षित.

आता दोन्ही एकाच वेळी आले तर? इथे साधी बेरीज चालत नाही. रिचर्ड फॉन मिसेस या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा, १९१३ सालचा एक नियम वापरतात. वाकण्याच्या ताणाचा वर्ग घ्यायचा. पिळाच्या कातरेच्या वर्गाची तिप्पट त्यात मिळवायची. मग वर्गमूळ काढायचं.

१५० चा वर्ग २२,५००. १२० चा वर्ग १४,४००, त्याची तिप्पट ४३,२००. दोन्ही मिळून ६५,७००. त्याचं वर्गमूळ साधारण २५६.

२५० ची मर्यादा ओलांडली गेली. दोन्ही जोर स्वतंत्रपणे परवानगीच्या आत होते, पण एकत्र आल्यावर पोलादाने हार मानली. मर्यादा ओलांडली म्हणजे दांडा लगेच तुटतो असं नाही. तो कायमचा वाकडा होतो किंवा पिळला जातो. पण हेच रोज, हजारो वेळा घडलं, तर पुढचा टप्पा सुरू होतो.

धातूचा थकवा

लोखंडी तार हाताने ओढून तुटत नाही, पण तीच एका जागी पुढेमागे वाकवत राहिलं की थोड्या वेळात तुटते. याला धातूचा थकवा म्हणतात. एका वेळचा जोर कमी असला तरी तो पुन्हा पुन्हा येत राहिल्याने आत बारीक तडा सुरू होतो आणि प्रत्येक फेऱ्यात कणाकणाने वाढतो.

८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या रेल्वेगाडीच्या इंजिनाचा एक्सल तुटला. अपघात आणि आगीत पन्नासहून अधिक माणसं गेली. त्यानंतर एक्सल का तुटतात याचा अभ्यास जोरात सुरू झाला. जर्मन अभियंता ऑगस्ट व्योलर याने रेल्वेच्या एक्सलवर फिरवून वाकवण्याचे दीर्घ प्रयोग केले आणि किती फेऱ्यांना किती ताण चालतो याची पद्धतशीर मांडणी केली.

फेऱ्यांचा आकडा किती झपाट्याने वाढतो ते पाहा. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे तासाला ३२,४००. आठ तास काम केलं तर अडीच लाखांहून जास्त. चार दिवसांत दहा लाख. वाकलेल्या अवस्थेत फिरणाऱ्या दांड्याचा पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात एकदा ओढ आणि एकदा दाब अनुभवतो. म्हणून चांगला चालणारा शाफ्ट 'अचानक' तुटला असं वाटतं, तेव्हा आतला तडा बहुधा बऱ्याच दिवसांपासून वाढत असतो.

एकाच तालात की वेगवेगळ्या तालात?

अनेक दिशांच्या जोरांत आणखी एक खोच आहे. वाक आणि पीळ एकाच तालात वाढले आणि कमी झाले, तर धातूमधला सर्वांत जास्त ताण नेहमी त्याच तिरक्या पातळीवर येतो. थर त्या एकाच दिशेने घसरतात.

पण वाक जास्त असताना पीळ कमी आणि पीळ जास्त असताना वाक कमी असं झालं, तर सर्वाधिक ताणाची दिशा प्रत्येक फेऱ्यात फिरत राहते. आज या दिशेने सरकलेले थर पुढच्या क्षणी दुसऱ्या दिशेने सरकू पाहतात, आधीच्या घसरणीला आडवे येतात आणि गुंततात. धातू आतून कडक होत जातो. तेवढंच ताणायला आणि पिळायला जास्त जोर लागतो.

स्टेनलेस स्टीलच्या काही प्रकारांत हा परिणाम फार ठळक दिसतो. ॲल्युमिनियमच्या अनेक मिश्रधातूंत तो कमी असतो. कडक होणं ऐकायला चांगलं वाटतं, पण थकव्याच्या बाबतीत ते महागात पडतं. सारख्याच प्रमाणात ताणलं आणि पिळलं, तरी ताल बिघडलेला भाग अनेकदा बराच आधी तडकतो.

म्हणूनच वाहनांचे महत्त्वाचे भाग नुसते एका दिशेने ओढून पास केले जात नाहीत. खऱ्या रस्त्यावर मोजलेले धक्के प्रयोगशाळेत पुन्हा निर्माण करून, वरखाली, आडवे आणि पुढेमागे असे एकाच वेळी देऊन ते तपासले जातात.

लवचीक पोलाद काचेसारखं कधी तुटतं?

पोलादाची भिस्त त्याच्या थरांच्या घसरण्यावर असते. घसरणं म्हणजे वाकणं, लांबणं, आणि तुटण्याआधी इशारा देणं. पण घसरण्यासाठी एक अट आहे. वेगवेगळ्या दिशांच्या ताणांत फरक हवा. एका बाजूने ओढ जास्त आणि दुसऱ्या बाजूने कमी असेल तरच थर सरकतील.

समजा तिन्ही दिशांनी सारखीच ओढ लागली. मग थरांनी सरकायचं कुठे? कातर जवळपास उरतच नाही. अशा वेळी एरवी लवचीक असलेला धातूही न वाकता, न लांबता थेट फाटू शकतो.

तिन्ही बाजूंनी ओढणारं यंत्र शेतात नसतं, हे खरं. पण खाच असते. जाड धातूतल्या टोकदार खाचेच्या किंवा तड्याच्या टोकाजवळ नेमकी अशीच स्थिती तयार होते. बाहेरून जोर एकाच दिशेचा असतो, पण खाचेच्या टोकाशी तो तीन दिशांचा होतो. ताण तिथे एकवटतो आणि सुटायला वाट उरत नाही. थंडी असेल तर पोलाद आणखी ठिसूळ होतं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने घाईने बांधलेल्या काही वेल्डेड जहाजांचं असंच झालं. १६ जानेवारी १९४३ रोजी 'स्कनेक्टडी' हे नवंकोरं तेलवाहू जहाज शांत पाण्यात, धक्क्याजवळ उभं असताना मोडलं. अशा जहाजांच्या तपासातून तीन गोष्टी पुढे आल्या. थंडीत ठिसूळ होणारं पोलाद, चौकोनी कोपरे आणि वेल्डिंगमधले दोष, आणि सलग वेल्ड केलेला सांगाडा. सलग सांगाड्यात एकदा सुटलेला तडा थांबायला जागाच नव्हती.

शाफ्टवरच्या पायरीचा कोपरा टोकदार न ठेवता गोलसर का ठेवतात, याचं उत्तर इथे आहे. गोलाई म्हणजे शोभा नव्हे. ती ताणाला वळायला दिलेली जागा आहे.

चहूबाजूंचा दाब मात्र मित्र

आता याच्या उलट बाजू पाहू. ओढ तिन्ही दिशांनी आली तर घातक, पण दाब तिन्ही दिशांनी आला तर?

मक्याचे दाणे जमिनीवर ढीग करून त्यावर उभं राहिलं तर ढीग पसरतो. तेच दाणे पोत्यात घट्ट भरले की त्या पोत्यावर माणूस उभा राहू शकतो. दाण्यांची ताकद वाढलेली नसते. पोत्याने त्यांना बाजूने पसरू दिलेलं नसतं.

१९११ मध्ये थिओडोर फॉन कारमान याने संगमरवरावर असाच प्रयोग केला. एरवी चुरा होणारा दगड बाजूंनी मोठ्या दाबाखाली धरून वरून दाबला, तर तो न फुटता धातूसारखा आकार बदलत गेला. १९२८ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात काँक्रीटवर झालेल्या प्रयोगांतून एक सोपा अंदाज मिळाला. बाजूने दिलेल्या प्रत्येक एकक दाबामागे काँक्रीटची उभी ताकद साधारण चार एककांनी वाढते.

घराच्या कॉलममधल्या रिंगांचं खरं काम इथे समजतं. रिंगा फक्त उभ्या सळया जागेवर धरायला असतात असा समज साइटवर सर्रास असतो. पण भूकंपात कॉलमवर वरचं वजन आणि आडवा धक्का एकदमच येतो. त्या वेळी आतलं काँक्रीट फुगून बाहेर येऊ पाहतं आणि रिंगा पोत्यासारखं त्याला आवळून धरतात. रिंगेचं टोक ९० अंशांत नुसतं वळवलं असेल, तर बाहेरचं काँक्रीट गळून पडल्यावर रिंग उघडते. म्हणून भूकंपरोधक बांधकामात ते टोक १३५ अंशांत वळवून आतल्या काँक्रीटमध्ये रुतवायला सांगितलेलं आहे. दोन मिनिटांचं जास्तीचं काम, पण कॉलम उभा राहणार की नाही हे त्यावर ठरू शकतं.

किल्लारी: वजन पेलणाऱ्या भिंती आडव्या धक्क्यात फुटल्या

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतरची ती वेळ. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवर भूकंप झाला. तीव्रता सहाच्या थोडी वर, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. पण मृतांची संख्या सुमारे आठ ते दहा हजारांच्या घरात गेली. हा भाग तोवर भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जात होता.

एवढी माणसं का गेली, याचं मोठं उत्तर भिंतींमध्ये होतं. मराठवाड्यातल्या जुन्या घरांच्या भिंती दगडामातीच्या, दीड-दोन फूट किंवा त्याहूनही जाड. वर लाकडी पाट आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार. खालच्या दिशेने येणारं वजन या भिंती पिढ्यानपिढ्या पेलत होत्या, कारण दगडमाती दाब चांगला सोसते.

भूकंपाने मात्र आडवा जोर दिला, तोही दिशा बदलत. मातीच्या जोडाला ओढ जवळपास सोसतच नाही. शिवाय अनेक भिंती म्हणजे बाहेरून दगडांचा एक थर, आतून एक थर आणि मध्ये माती-गोट्यांची भर, अशी रचना होती. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड फारसे नव्हते. हादऱ्यात दोन्ही थर एकमेकांपासून सुटले, भिंती पोटातून फुगल्या आणि फुटल्या. वरचं जड छत झोपलेल्या माणसांवर आलं.

भिंतीची जाडी पाहून ती मजबूत ठरवणं ही एकाच दिशेच्या भाराची दृष्टी होती. जाडीमुळे वजन वाढलं, आणि भूकंपात आडवा जोर वजनाच्या प्रमाणातच येतो.

उपाय मात्र अवघड नव्हता. दगडी भिंतीत दर ६० सेंटीमीटर उंचीवर आणि आडव्या दिशेत १.२ मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता आरपार जाणारे जोडदगड ठेवावेत, असं भारतीय मानकात सांगितलेलं आहे. त्याच्या जोडीला खिडक्या-दारांच्या वरून चारही भिंतींना बांधणारा सलग पट्टा. भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या जुन्या घरांच्या भिंतींत भोकं पाडून काँक्रीटचे असे जोड बसवण्याची पद्धतही वापरली गेली. पिशोरसारख्या गावांत अजूनही जी जुनी दगडामातीची घरं आहेत, त्यांना हे तितकंच लागू पडतं.

कोयना: १०३ मीटर उंच धरणाला तडे कुठे गेले?

किल्लारीच्या २६ वर्षं आधी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे साताऱ्यातलं कोयनानगर हादरलं. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. त्याच हादऱ्यात सुमारे १०३ मीटर उंचीचं कोयना धरण उभं होतं, मागे पाण्याचा अफाट साठा घेऊन.

धरण हे स्वतःच्या वजनावर उभं राहणारं बांधकाम आहे. नेहमीच्या दिवसांत त्याच्यावर दोन मोठे जोर. स्वतःचं वजन खाली आणि पाण्याचा रेटा पुढे. दोन्ही मिळूनही काँक्रीटमध्ये मुख्यतः दाबच राहील असा आकार दिलेला असतो, कारण काँक्रीटची ओढ सोसण्याची ताकद दाबाच्या ताकदीच्या साधारण दहावा हिस्सा असते.

भूकंपाचा विचार आराखड्यात होता. पण त्या काळच्या पद्धतीने आडवा जोर वजनाच्या ५ टक्के धरला होता. प्रत्यक्षात धरणातच बसवलेल्या उपकरणाने जी कंपनं नोंदवली, त्यांचा सर्वोच्च आकडा गुरुत्वाकर्षणाच्या तुलनेत धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३, नदीच्या प्रवाहाच्या दिशेने ०.४९ आणि उभ्या दिशेने ०.३४ इतका होता. तिन्ही दिशा, एकाच वेळी.

धरण फुटलं नाही. पण त्याच्या उंच भागांना आडवे तडे गेले, पाण्याकडच्या बाजूला आणि मागच्या बाजूलाही. ते कुठेही पडले नाहीत. मुख्यतः एका ठरावीक उंचीच्या आसपास पडले, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो. त्याच्या खाली धरण पसरट आहे आणि वर जवळपास सरळ उभं.

आधीच्या भागातली खाच आठवते? उताराचा तो एकदम बदलणारा कोपरा म्हणजे धरणाच्या अंगावरची खाचच. वरचा भाग हादऱ्यात पुढेमागे डोलला, तशी त्या मानेवर आळीपाळीने ओढ आली आणि काँक्रीट तिथेच उघडलं.

नंतर तड्यांमध्ये इपॉक्सी भरण्यात आलं, उंच भाग ताण दिलेल्या तारांनी बांधण्यात आले आणि पुढे मागच्या बाजूला काँक्रीटचे भक्कम आधार देण्यात आले. आज जगभरात धरणांच्या भूकंपक्षमतेचा अभ्यास करताना संगणकावरची नवी पद्धत बरोबर आहे की नाही हे तपासायला अनेकदा कोयनेचंच उदाहरण घेतात. गणिताने तडा कोयनेला जिथे पडला तिथेच दाखवला, तर पद्धतीवर भरवसा ठेवता येतो.

तुटलेला तुकडा काय सांगतो?

शाफ्ट तुटला की तुकडा भंगारात टाकण्याआधी त्याच्या तोंडाकडे नीट पाहावं. त्यावर जोराची दिशा लिहिलेली असते.

- पृष्ठभागाचा एक भाग गुळगुळीत, त्यावर वाळूवर लाटांनी उमटवाव्यात तशा रेषा, आणि उरलेला भाग खडबडीत: हा थकव्याचा तडा. रेषा ज्या जागेभोवती वळतात तिथे सुरुवात झाली. खडबडीत भाग शेवटच्या क्षणी तुटला.
- खडबडीत भाग लहान असेल: नेहमीचा जोर फार नव्हता, पण तडा खूप दिवस वाढत होता.
- तडा आडवा, दांड्याला काटकोनात, आणि पृष्ठभागावर थकव्याच्या रेषा: वारंवार वाकण्याचा जोर.
- तडा ४५ अंशांत तिरका, खडूसारखा: पिळाचा जोर. दोन्ही बाजूंनी उलटसुलट पीळ असेल तर दोन तिरके तडे एकमेकांना छेदून फुलीसारखे दिसू शकतात.
- सपाट पण पिळवटलेली, चक्राकार घासलेली कड: मऊ धातूवर एकाच वेळी आलेला पिळाचा मोठा झटका.

मग काळजी काय घ्यायची?

शिअर बोल्ट बदलताना त्याच ताकदीचा बसवा. हा बोल्ट मुद्दाम कमकुवत ठेवलेला असतो. दगड अडकला की तो तुटतो आणि शाफ्ट, गिअरबॉक्स वाचतात. 'सारखा तुटतो' म्हणून जाड किंवा जास्त कडक बोल्ट घातला की पुढचा झटका थेट महागड्या भागावर जातो.

शाफ्ट जास्त कोनात फिरवू नका. अवजार वर उचलताना किंवा तीव्र वळण घेताना पीटीओ बंद करणं हा सोपा नियम.

तडा गेलेल्या शाफ्टवर किंवा हुकवर वरून वेल्डिंग फासलं म्हणजे तो पूर्ववत झाला असं नाही. आतला तडा तसाच राहतो, वेल्डच्या कडेला नवी खाच तयार होते आणि उष्णतेने शेजारचा धातू ठिसूळ होऊ शकतो. फिरणाऱ्या आणि माणसाच्या जिवाशी संबंधित भागांसाठी बदली हाच सुरक्षित उपाय.

ट्रॉलीच्या हुकची आणि एक्सलच्या कोपऱ्यांची हंगामाआधी पाहणी करा. ग्रीस पुसून, उजेडात. केसासारखी रेष दिसली तर ती रेष वाढणार आहे असंच समजा.

घर बांधताना रिंगांचं अंतर आणि त्यांच्या टोकांचा बाक काँक्रीट ओतण्याआधी पाहा. एकदा काँक्रीट पडलं की ते कोणालाही दिसत नाही. दिसतं ते थेट भूकंपाच्या दिवशी.